एकतिसावं पान

त्या कॉलेजात तिला सगळे पाहुण्या मॅडम म्हणायचे. कागदोपत्री तिचं पद 'अभ्यागत अध्यापक' असं होतं. पहिल्याच वर्षी कुणा वात्रट मुलाने त्याचा सोपा अर्थ लावला आणि नाव चिकटलं ते कायमचं. नोकरी मात्र कायमची झाली नाही. नऊ वर्षं दर सत्राच्या शेवटी तिचे तास संपायचे आणि पुढच्या सत्राला ते पुन्हा मिळतात की नाही याची वाट बघत बसायचं.

ती सांख्यिकी शिकवायची. सकाळी या कॉलेजात, दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या दुसऱ्या कॉलेजात. मधे पन्नास मिनिटांची बस. शिक्षकांच्या खोलीत तिला ना कपाट होतं ना टेबल. जो कोणी रजेवर असेल त्याच्या खुर्चीत बसायचं आणि तो अचानक उगवला की पिशवी उचलून खिडकीच्या कट्ट्यावर सरकायचं. खडू, डस्टर, डबा, हजेरीची वही आणि तपासायचे कागद, सगळा संसार त्या पिशवीत.

शिकवायची मात्र जीव ओतून. सरासरी शिकवताना ती म्हणायची, "या वर्गातल्या सगळ्यांची मापं घेऊन मी सरासरी मापाचा एक सदरा शिवला, तर तो कुणाला बसेल? एकालाही नाही! तरी कारखानदार तोच शिवणार." पोरं हसायची. मागच्या बाकावरची झोपाळू मंडळीही तेवढ्यापुरती जागी व्हायची.

घोडं अडायचं ते तपासण्यापाशी. दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाने चाळीस पानांचा प्रकल्प करायचा असे. कुठलीही माहिती गोळा करा, तक्ते मांडा, आलेख काढा, निष्कर्ष लिहा. वीस गुण. दोन्ही कॉलेजांचे मिळून एकशे ऐंशी प्रकल्प आणि गुण भरायला सहा दिवस. एकशे ऐंशीला चाळीसने गुणलं की जो आकडा येतो तो तिच्याइतका कुणाला कळणार? पहिली दोन वर्षं तिने सगळं वाचलं. डोळे सुजले, गुण उशिरा गेले, विभागप्रमुखांनी चारचौघांत सुनावलं. तिसऱ्या वर्षापासून तिने युक्ती काढली. शीर्षक बघायचं, अनुक्रमणिका बघायची, एखादा आलेख, शेवटचं पान. मधल्या पानांवर लाल पेनाने बरोबरची खूण करत जायचं. दर दोन-तीन पानांनंतर खुणेशेजारी 'योग्य' असा शेरा आणि खाली आद्याक्षर. हात सरावला होता. बसमध्ये उभ्या उभ्यासुद्धा ती दहा मिनिटांत एक प्रकल्प हातावेगळा करी. गुण तेरा, चौदा किंवा पंधरा. कुणी तक्रार करत नसे आणि कुणी खूशही होत नसे.

त्या वर्षी एकोणसाठ क्रमांकाच्या मुलीला तिने चौदा दिले.

तपासलेले प्रकल्प एकदा वर्गात दाखवायचे, मुलांची सही घ्यायची आणि परत जमा करायचे, असा नियम होता. त्या दिवशी टेबलाभोवती ही झुंबड उडालेली, बस सुटायला वीस मिनिटं राहिलेली. एकोणसाठ क्रमांकाची मुलगी दुसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसायची, तोंडातून शब्द काढायची नाही. ती आपला प्रकल्प उघडून बराच वेळ एका पानाकडे बघत राहिली. मग पुढे आली, सही केली, पण हलेना.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तुम्ही लिहिलंत. मला वाटलं नव्हतं लिहाल म्हणून. थँक्यू."

"हो, हो. अगं, सरक ना जरा, मागचे खोळंबलेत."

ती सरकली. पाहुण्या मॅडमनी गठ्ठा बांधला आणि धावत बस पकडली.

प्रकल्प वर्षभर सांभाळून ठेवायचे असतात. कायम शिक्षकांचे त्यांच्या कपाटात राहत, हिचे घरी पलंगाखाली. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती नानांकडे आली होती, त्यालाही बारा वर्षं लोटली. नाना एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. लोकांनी लिहिलेल्या चुका शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. औषधाच्या बाटलीसोबतचा चिटोरा असो की दुकानाची पाटी, ते वाचणार आणि मान हलवणार. सात महिन्यांनी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर आठ दिवसांतच घरातलं सगळं वाचून संपलं आणि त्यांनी पलंगाखाली हात घातला.

"तुझ्या पोरांचं वाचू का गं थोडं? डोळ्यांना व्यायाम होईल."

"वाचा की. शुद्धलेखन बघून झीट येईल तुम्हाला."

पुढचे चार दिवस संध्याकाळी ती घरी आली की नाना काही ना काही ऐकवायचे. कुणी बसच्या उशिराचा हिशेब मांडला होता, कुणी शेजाऱ्यांच्या कुत्र्यांच्या भुंकण्याचा. दोघं हसायचे. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा नाना हसत नव्हते. एक प्रकल्प मांडीवर उघडा होता आणि चष्मा हातात.

"हे तू वाचलं होतंस?"

"असेल वाचलं. का?"

"असेल नको. वाचलं होतंस की नाही?"

लहानपणी ते याच आवाजात गृहपाठाबद्दल विचारायचे. ती चपला न काढता तशीच त्यांच्याजवळ गेली आणि पान बघितलं.

एकतिसावं पान. आधीच्या पानांसारखंच बारीक, सरळ अक्षर. दोन तक्त्यांच्या मधे, लांबून पाहिलं तर विश्लेषणाचा परिच्छेद वाटावा असं.

'मॅडम, हे पान प्रकल्पाचं नाही. समोर येऊन विचारायचा धीर होत नाही म्हणून इथे लिहिते. मी मावशीकडे राहते. तिची लॉन्ड्री आहे. तिचा उजवा खांदा आता उचलत नाही. पुढच्या सत्राला मी नाव घालू नये, दुकान सांभाळावं, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडतंय. मावशी तोंडाने बोलत नाही, पण तिचे हाल मला दिसतात. मला शिकायचं आहे असं वाटतं. पण मला हे खरंच जमतं का, हे आजवर कुणी मला सांगितलेलं नाही आणि माझं मला कळत नाही. माझा हा प्रकल्प वाचून तुम्हाला काय वाटतं ते सांगाल का? मी कॉलेज सोडणं योग्य की अयोग्य, एवढा एकच शब्द इथे लिहा. तुम्ही लिहाल तसं मी करेन.'

त्याच्या खाली लाल शाईत बरोबरची मोठी खूण होती. खुणेशेजारी तिच्या अक्षरात लिहिलं होतं, योग्य. आणि तिचं आद्याक्षर.

नानांनी प्रकल्प तिच्या हातात दिला आणि आत जाऊन पाणी आणलं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पहिल्या पानापासून वाचू लागली.

शीर्षक होतं, 'सदऱ्यांची तुटलेली बटणं'. वर्गातलं सदऱ्याचं उदाहरण ऐकून हा विषय सुचला असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. लॉन्ड्रीत धुऊन-इस्त्री करून गेलेल्या सदऱ्यांची बटणं तुटतात म्हणून गिऱ्हाइकं मावशीशी भांडायची. मावशी म्हणायची, मशीन तोडतं. मुलीने आधी सहा आठवडे प्रत्येक सदरा तपासून नोंद केली. एक हजार दोनशे नव्वद सदरे, त्यात एकशे त्रेचाळीसांची बटणं तुटलेली. धुण्याच्या मशीनमधून निघताना बटणं शाबूत असतात आणि दाबाच्या इस्त्रीखाली तडकतात, हे तिने दोन्हीकडे मोजून दाखवलं होतं. मग पुढचे पाच आठवडे तिने बटणाची बाजू खाली, बनातीच्या जाड लोकरी कापडावर ठेवून इस्त्री केली आणि पुन्हा मोजलं. एक हजार सव्वीस सदरे आणि तुटलेले फक्त एकोणपन्नास. शंभरामागे अकरावरून पाचावर. आलेख हाताने काढलेले, पण रेघ न रेघ जागेवर. आणि शेवटून दुसऱ्या पानावर हे वाक्य: 'हा फरक निव्वळ योगायोगाने आला असेल का, हे कसं ठरवायचं ते मला माहीत नाही. ते मॅडमना विचारायचं आहे.'

तो पुढच्या सत्राचा पहिला धडा होता. गेली नऊ वर्षं ती तो शिकवत होती आणि एकाही मुलाने आपण होऊन तो प्रश्न विचारला नव्हता.

"नाना," ती म्हणाली, "हिला मी चौदा दिले."

नाना म्हणाले, "छापखान्यात माझ्या हातून एकदा एका माणसाच्या निधनाच्या बातमीत त्याच्या भावाचं नाव गेलं होतं. जिवंत भावाचं. मी त्याच्या घरी गेलो होतो. तो काय बोलला ते तुला सांगणार नाही. पण गेलो होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळचा तास झाल्यावर ती कॉलेजच्या कार्यालयात गेली. कारकूनबाईंनी रजिस्टर काढलं. एकोणसाठ क्रमांकाचं नाव पुढच्या सत्रात नव्हतं. "सोडून गेली. कारण लिहिलंय 'घरगुती'. सगळ्यांचं तेच असतं. परत यायचं तर वर्षाच्या आत येता येतं. शिकवणाऱ्याची शिफारस लागते आणि अर्ज वीस तारखेपर्यंत द्यायचा." त्या दिवशी आठ तारीख होती. तिने कोरा अर्ज मागून घेतला, पत्ताही उतरवून घेतला.

मग ती विभागप्रमुखांकडे गेली. ते कायम नोकरीतले, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, स्वभावाने वाईट नव्हेत पण भानगडीला भिणारे. त्यांनी पान वाचलं, खालची लाल खूण पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अहो मॅडम, हे तुम्ही मला का दाखवताय?"

"गुण बदलता येतील का, सर?"

"निकाल लागून सहा महिने झाले. आता ते उकरायचं म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे बाकीचे प्रकल्प कसे तपासले तेही निघणार. नुसते तुमचे नाहीत, सगळ्यांचे." ते थांबले. "हे बघा, तुमच्या पुढच्या सत्राच्या तासांचं अजून ठरायचंय. ते पान काढून टाका. आणि जाऊन भेटायचं तर भेटा त्या मुलीला, मी नको म्हणत नाही."

तिने प्रकल्प पिशवीत घातला. पान काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्या पत्त्यावर गेली. लॉन्ड्री एका अरुंद रस्त्यावर होती, चाव्या बनवणाऱ्याच्या आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या मधे. आत शिरताच गरम वाफेचा आणि साबणाचा वास. पुढे काउंटर, त्याच्या मागे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कपडे दांडीवर ओळीने टांगलेले, आणि त्यांच्या मागे दाबाच्या इस्त्रीचं मोठं यंत्र सुस्कारे टाकत होतं. काउंटरवर एक जाडसर बाई डाव्या हाताने पावत्या फाडत होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला.

"काय द्यायचंय?" त्यांनी विचारलं.

ती उत्तर देणार तेवढ्यात यंत्राचा आवाज थांबला आणि मुलगी कपड्यांमधून बाहेर आली. केस घामाने कपाळाला चिकटलेले, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. तिचा चेहरा असा काही उजळला की पाहुण्या मॅडमना तिथून पळून जावंसं वाटलं.

"मॅडम! मावशी, अगं, ह्याच त्या मॅडम!"

मावशी लगबगीने उठल्या. स्टूल पुढे आलं, चहा सांगून झाला, नको नको म्हणताना ग्लास हातात आला. मावशींना बोलायला माणूस हवंच होतं.

"तुमचे उपकार आहेत बाई माझ्यावर. ही घरात बसून राहिली तेव्हा मला अन्न गोड लागेना. म्हटलं, माझ्यापायी पोरीचं शिक्षण मोडलं. मोठी बहीण माझी, हिची आई, ती असती तर काय म्हणाली असती? पण ही म्हणाली, मावशी, मी मॅडमना विचारलंय. त्यांनी माझं सगळं काम वाचलं आणि मगच सांगितलं, सोडलंस तरी हरकत नाही. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. शिकलेल्या माणसाने विचार करून सांगितलेलं निराळं असतं हो."

मुलगी मान खाली घालून हसत होती. कुणीतरी आपलं कौतुक करावं आणि आपण संकोचावं, तशी.

पाहुण्या मॅडमनी चहा संपवला. पिशवीत अर्ज होता, प्रकल्प होता, घोकून ठेवलेली दहा वाक्यं होती. त्यांपैकी एकही बाहेर पडेना. "तब्येत सांभाळा" असं काहीतरी मावशींना म्हणून ती उठली. मुलगी पायरीपर्यंत पोचवायला आली, पुन्हा थँक्यू म्हणाली आणि आत गेली.

ती रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेली. बस आली, थांबली, गेली. मनात वकिली चालू होती. दोघी सुखात आहेत. मावशीच्या मनावरचं ओझं उतरलंय. तू खरं सांगितलंस की तुझ्या मनावरचं उतरेल आणि ते त्या दोघींच्या मनावर चढेल. हे सगळं पटण्यासारखं होतं. पण त्या बाजूने बोलणारी ती स्वतःच होती आणि फायदाही तिचाच होता, हे तिला दिसत होतं. दुसऱ्या बसची वाट न बघता ती परत फिरली.

मुलगी झेरॉक्सच्या दुकानापाशी कपड्यांचं गाठोडं उतरवून घेत होती. एकटीच होती.

"काही विसरलात का मॅडम?"

"मी ते वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुझा प्रकल्प. तेव्हा मी वाचलाच नव्हता. मी असंच करते गं. दर दोन-तीन पानांनी तोच शब्द लिहिते, न वाचता. तुझ्या पानावर तो पडला. मी तुला काहीच सांगितलेलं नाही. कॉलेज सोड म्हणून मी कधीच सांगितलं नसतं."

मुलीने गाठोडं हळूच जमिनीवर ठेवलं. ती चावीवाल्याच्या चाव्या घासायच्या चाकाकडे बघत राहिली. ठिणग्या उडत होत्या.

"बटणांचंही नव्हतं वाचलं?"

"नाही. परवा वाचलं. दोनदा." मग ती घाईघाईने, पोटात साठलेलं ओतून टाकावं तसं बोलू लागली. "तू शेवटी विचारलंयस ना, फरक योगायोगाने आला असेल का? मी गणित करून पाहिलं. योगायोगाने इतका फरक पडणं शक्य नाही. तू केलेल्या बदलामुळेच तो पडला. ते कसं तपासायचं ते पुढच्या सत्रात आहे. गेल्या नऊ वर्षांत माझ्याकडे असं काम आलेलं नाही. तुला जमतं. खूप चांगलं जमतं."

क्षणभर मुलीच्या डोळ्यांत काहीतरी हललं. फरक खरा निघाला याचा आनंद होता तो, निखळ. पण तो टिकला नाही.

"हे तेव्हा सांगायचं होतं, मॅडम."

"हो."

"तुम्ही 'अयोग्य' लिहिलं असतं तर मी राहिले असते की नाही, माहीत नाही. मावशीचा खांदा काही बरा झाला नसता. पण घरात भांडायला माझ्याकडे एक शब्द असता. मी भांडलेच नाही." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "मी सगळ्यांना सांगत होते की कुणीतरी माझं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. गुण चौदाच दिले म्हणून मैत्रीण हसली, तर मी तिला म्हटलं, मॅडम कडक आहेत पण वाचतात."

पाहुण्या मॅडमनी पिशवीतून अर्ज काढला. "वीस तारखेपर्यंत मुदत आहे. शिफारस मी लिहिलीय. तास दुपारचेही घेता येतात, दुकान सांभाळून. मावशींशी मी बोलते, हवं तर."

"मावशीला काही सांगायचं नाही," मुलगी पटकन म्हणाली. "तिला आता कळलं तर ती ते पुन्हा मनाला लावून घेईल. तुम्ही तिला एक अक्षर बोलायचं नाही."

"बरं."

मुलीने अर्ज घेतला, वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला. गाठोडं उचलून ती म्हणाली, "तुम्ही आला नसतात तर मला कधीच कळलं नसतं. बरं झालं की वाईट, ते आत्ता नाही सांगता येत." आणि ती आत गेली.

वीस तारखेला सकाळचे तास झाल्यावर ती दुसऱ्या कॉलेजात गेलीच नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने न कळवता दांडी मारली. कार्यालयाच्या खिडकीसमोरच्या बाकावर ती बसून राहिली. पोरं येत होती, फी भरत होती, फोटो विसरलो म्हणून कारकूनबाईंच्या विनवण्या करत होती. भिंतीकडेने कुणी मुलगी आली की ती अर्धी उठायची. पाच वाजता कारकूनबाईंनी खिडकी लावली.

"नाही आली का हो तुमची?" त्यांनी कुलूप घालता घालता विचारलं. "येतात काही जणी, पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी चालतं का?"

"नाही. पण येतात बिचाऱ्या."

घरी जाऊन तिने नानांना सांगितलं. नाना म्हणाले, "तू तुझं केलंस," पण त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की एवढ्याने भागलं असं त्यांनाही वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजला रीतसर पत्र लिहिलं. एकोणसाठ क्रमांकाचा प्रकल्प आपण न वाचता तपासला, त्याला एकोणीस गुण मिळायला हवे होते, कृपया नोंद व्हावी. नानांनी पत्र वाचून एक अनुस्वार दुरुस्त केला. विभागप्रमुखांनी ते तिच्यादेखत वाचलं, दीर्घ श्वास सोडला आणि फायलीत लावलं. चौकशी वगैरे काही झाली नाही. फक्त पुढच्या सत्राच्या यादीत तिचे तास नव्हते. कुणी कारण दिलं नाही, तिनेही विचारलं नाही.

आता ती एकाच कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात घरी शिकवण्या घेते. प्रकल्प येतात ते सगळे वाचते. गुण दरवेळी उशिरा जातात, बोलणी बसतात. कधी कधी चाळीस पानं वाचून हाती काहीच लागत नाही, दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं असतं, आणि जुनी युक्ती आठवते. शेरा लिहायचा तर ती पूर्ण वाक्य लिहिते.

दीड वर्षाने एकदा ती त्या रस्त्याने मुद्दाम गेली. काही बोलायचं नव्हतं, नुसतं लांबून बघायचं होतं. लॉन्ड्रीच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. तिने चावीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मावशींचा हात पुरताच गेला, मग दोघी दुकान विकून कुठे तरी नातेवाइकांकडे गेल्या. कुठल्या गावाला, ते त्याला माहीत नव्हतं.

"आणि ती मुलगी? शिकते का, काही कळलं?"

"ते नाही बुवा सांगता येणार," तो म्हणाला. "हुशार होती. माझ्या चाव्यांचा हिशेब ती एका मिनिटात करून द्यायची. तुम्ही कोण तिच्या?"

"मी तिला शिकवायला होते," ती म्हणाली. चावीवाल्याने आदराने मान लववली, तेव्हा तिने नजर दुसरीकडे वळवली. दोन वाजून वीस मिनिटांचा तास होता. ती बसथांब्याकडे निघाली.